अंगठी काढली म्हणे!

"अंगठी काढलीय त्यानं," मावशी म्हणाल्या आणि तारेवर वाळत घातलेलं फडकं उगाचच झटकून पुन्हा तिथंच घातलं.

मावशींकडे ताजी बातमी असली की त्यांचे हात असे कामाला लागतात. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण आहे आणि त्याला मधोमध एक खिंडार आहे. ते पाडलं कुत्र्यानं, रुंद केलं आम्ही. वसईच्या आमच्या आळीत ख्रिस्ती आणि हिंदू घरं एकाआड एक आहेत. या खिंडारातून केळीचे घड, कालवणाची भांडी आणि गावभरच्या बातम्या ये-जा करतात.

"कुणी काढली?"

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या धाकट्यानं. लग्नाला अजून वर्ष नाही झालं गं! काल मिस्साला कम्युनियनच्या रांगेत माझ्या बाजूलाच होता. बघते तर बोट रिकामं. पांढरा पट्टा तेवढा उरलाय."

"मावशी, तुम्ही चर्चमध्ये प्रार्थनेला जाता की लोकांची बोटं मोजायला?"

"प्रार्थना तोंडानं करायची असते. डोळे मोकळेच असतात."

तेवढ्यात समोरच्या वहिनी होळीच्या बाजारातून पिशवी सावरत आल्या. आम्ही दोघी खिंडारापाशी दिसलो की वहिनींच्या चपला आपोआप इकडे वळतात. हाक मारावी लागत नाही. बातमी ऐकताच त्यांनी पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली याचा अर्थ अर्धा तास नक्की.

"भांडण," वहिनी म्हणाल्या. "ती पाच दिवस माहेरी होती ना मागच्या आठवड्यात?"

"ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती," मी म्हटलं.

"मग गहाण टाकली असेल. तोळ्याचा भाव लाखापलीकडे गेलाय, ऐकताय ना?"

"वेढण्याएवढ्या अंगठीचे किती येणार, वहिनी?"

"मग तिसरं कारण तुम्हीच सांगा," असं म्हणून वहिनींनी भुवया वर केल्या. तिसरं कारण कुणीच सांगितलं नाही, पण तिघींच्याही मनात येऊन गेलं.

आता यातली गंमत बघा. त्याच आळीत वहिनींचे यजमान राहतात. लग्नाला पस्तिसेक वर्षं झाली असतील. त्यांच्या अंगावर लग्न झाल्याची एकही खूण नाही, कधी नव्हतीच. त्यामुळे त्यांनी काय काढलं आणि काय घातलं, याची चर्चा या खिंडारात कधी झाली नाही, होणारही नाही. उलट वहिनींचं बघा. कपाळावर टिकली, गळ्यात दोन वाट्यांचं मंगळसूत्र, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि पायात जोडवी. यातली एखादी गोष्ट एक दिवस दिसली नाही की दुधवाल्यापासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळे विचारतात. मागे बांगड्या वाढवल्या आणि नव्या भरायला दोन दिवस लागले, तर "काय हो, सगळं ठीक ना?" असं तीन घरांतून विचारून झालं होतं.

मी हे बोलून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या यांनाही होती हो अंगठी. साखरपुड्याची. माझ्या वडिलांनी चांगली पाच ग्रॅमची केली होती. चार दिवस घातली, मग म्हणाले हाताला घोळते. डब्यात गेली, डब्यातून लॉकरमध्ये गेली आणि लेकीच्या लग्नात वितळवून तिच्या पाटल्यांत गेली. त्यांना अजून पत्ता नाही."

"विचारलं नाही कधी?"

"आठवत असेल तर विचारतील ना!"

आपल्याकडच्या लग्नात ही अंगठी तशी पाहुणीच. साखरपुडा म्हणजे मुळात साखरेचा पुडा, कुंकू आणि साडीचोळी. नवरा-नवरीनं समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या बोटात अंगठ्या घालायच्या, फोटोग्राफरनं "जरा थांबा, पुन्हा घाला" म्हणायचं, ही नंतरची भर. आपल्या गोष्टींत अंगठ्या आहेत, नाही असं नाही. हनुमानानं सीतेला रामाची मुद्रिका नेऊन दाखवली आणि दुष्यंतानं शकुंतलेला दिलेली अंगठी माशाच्या पोटात सापडली. पण त्या दोन्ही अंगठ्यांचं काम ओळख पटवायचं आहे. नवऱ्यानं लग्नाची खूण म्हणून जन्मभर बोटात वागवायची अंगठी आपल्या जुन्या गोष्टींत कुठं दिसत नाही. शकुंतलेची अंगठी हरवली तेव्हा सगळा जाब तिलाच द्यावा लागला. देणारा विसरून मोकळा!

"आमच्यात तसं नाही," मावशी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात थोडा अभिमान होता. "आमच्यात फादर दोन्ही अंगठ्यांवर आशीर्वाद देतात. त्यानं तिच्या बोटात घालायची, तिनं त्याच्या. दोन्हींचं वजन जवळजवळ सारखं."

मावशींची अंगठी मी रोज बघते. साधं सोन्याचं वेढणं, खडा नाही, नक्षी नाही. आतल्या बाजूला नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे म्हणतात; म्हणतात अशासाठी, की ती अंगठी कधी बोटातून निघतच नाही. बोटाचं मांस दोन्हीकडून वर आलंय आणि मधे ती रुतून बसलीय. कपडे धुताना, मासे साफ करताना, बागेत खुरपं चालवताना ती तिथंच. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.

"आणि काकांची?"

"ते गेले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं काढून माझ्या हातात दिली. दोन वर्षं कपाटात होती. मग नातवाचं लग्न ठरलं तेव्हा सोनाराला दिली, त्यात थोडं सोनं घालून त्याची केली. कपाटात ठेवून काय करायचंय?" मावशींनी हे अशा सुरात सांगितलं, की पुढं काही विचारायची सोय नव्हती.

मावशींचा भाचा जर्मनीत असतो. तिथलीच मुलगी केली. पहिल्यांदा जोडीनं वसईला आले तेव्हा सगळ्या आळीनं पाहिलं की दोघांच्याही अंगठ्या उजव्या हातात! इकडे सगळ्यांच्या डाव्या हातात. एका आजीबाईंनी तर त्या मुलीचा हात धरून अंगठी काढून डाव्या हातात घालायची खटपटही केली होती. मग भाच्यानं समजावलं, की जर्मनीत साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात आणि लग्नाची उजव्या. पोलंड, रशिया, नॉर्वे, ग्रीस इकडेही लग्नाची अंगठी उजव्याच हातात घालतात. ज्यूंच्या लग्नात नवरा नवरीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो, तीही बिनखड्याची; खड्याचं मोल तिला कळलं नाही आणि गैरसमज झाला, असं व्हायला नको म्हणून. व्यवहार चोख!

"पण डावीच बरोबर," मावशी म्हणाल्या. "अनामिकेतून शीर थेट काळजाला जाते."

हे मावशींनी मनानं नाही जोडलं. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन लोक हेच सांगायचे आणि इजिप्तच्या लोकांच्या नावावर खपवायचे. आता कुणीही डॉक्टर सांगेल की सगळ्या बोटांच्या शिरा सारख्याच, करंगळीची काळजाशी काही दुश्मनी नाही. पण डाव्या हाताचा एक रोकडा फायदा आहे: बहुतेक माणसं उजव्या हातानं कामं करतात, त्यामुळे डावीकडचं सोनं कमी झिजतं. मी हे मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "शिरेचंच ठीक आहे. सोन्याचं कारण सांगितलं तर माणूस कंजूष वाटतो."

मग अर्थातच इंग्लंडचं राजघराणं निघालं. मावशींना त्या घरची खडान्‌खडा माहिती असते. राजपुत्र विल्यम लग्नाची अंगठी घालत नाही हे त्यांना २०११ सालापासून सलतंय. लग्नाच्या आधीच राजवाड्यातून सांगण्यात आलं होतं की तो घालणार नाही, त्याला दागिने आवडत नाहीत. केटच्या बोटात मात्र वेल्सच्या खाणीतल्या सोन्याची अंगठी. त्याचे आजोबा फिलिपही घालत नसत.

"बघा, राजाच्या घरीसुद्धा आमच्या यांच्यासारखंच," वहिनींना फार बरं वाटलं.

"पण जाहीर सांगून नाही घातली," मी म्हटलं. "तुमच्या यांनी कुठं सांगितलं होतं?"

"त्यांना कुणी विचारलंच नाही!"

हाच तर मुद्दा आहे. पुरुषाच्या बोटात अंगठी असावी ही अपेक्षा पश्चिमेतही तशी नवीच. अमेरिकेत बायकोच्या बोटात अंगठी पूर्वीपासून होती, नवऱ्याच्या बोटात ती सर्रास दिसायला लागली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लढाईवर गेलेल्या शिपायाला घरची आठवण हवी होती आणि सराफांना गिऱ्हाईक हवंच होतं. त्याआधी १९२०च्या दशकात तिथल्या सराफांनी पुरुषांसाठी साखरपुड्याची अंगठी काढून बघितली होती. जाहिराती केल्या, दणकट नावं दिली, पण एकानंही घेतली नाही म्हणावं इतकी ती आपटली. हिऱ्याचं मात्र जमलं. हिरा सदा टिकतो अशा अर्थाची ती प्रसिद्ध जाहिरात १९४७ सालची, डी बीअर्ससाठी फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी लिहिलेली. वहिनींच्या भाचीच्या साखरपुड्याला नवरदेवानं गुडघ्यावर बसून हिऱ्याची अंगठी दिली, तेव्हा भाचीची आजी म्हणाली होती, "उठव त्याला, पँट मळेल."

आणि मुळीच अंगठी न घालणारेही ख्रिस्ती आहेतच की. अमेरिकेतले आमिश लोक लग्नाची अंगठी घालत नाहीत, दाढी मात्र राखतात. लग्न झालं की पुरुषानं दाढी ठेवायची. म्हणजे तिथं नवऱ्याच्या तोंडावरच पाटी! मावशींना हे मी सांगितलं, तर त्या बराच वेळ विचारात पडल्या. "हे बरं आहे," म्हणाल्या. "दाढी खिशात घालता येत नाही."

मुसलमान पुरुषांना सोनं वर्ज्य, म्हणून त्यांच्यातले घालणारे चांदीची घालतात. आमच्या आळीच्या टोकाला शिंपीकाम करणारे चाचा आहेत, त्यांच्या बोटात चांदीची अंगठी आहे, पण ती लग्नाची की नुसती हौसेची हे आम्हाला माहीत नाही. आणि गंमत म्हणजे तेही कुणी विचारलेलं नाही.

एवढ्यात वकीलबाई स्कूटर थांबवून आत आल्या. त्या वसई कोर्टात असतात, त्यामुळे त्यांच्याकडे गप्पांचाही पुरावा असतो. वहिनींनी विचारलं, "कायद्यानं मंगळसूत्र सक्तीचं असतं का हो?"

"नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे. जिथं सप्तपदीची रीत आहे तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. मंगळसूत्राचा, जोडव्यांचा, अंगठीचा शब्द नाही. जी ती घरं आपल्या रीतीनं करतात."

"आणि अंगठी नुसती घातली तर?"

"त्यासाठी तामिळनाडूत जा. तिथं १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारनं याच कायद्यात ७-अ कलम घातलं. पेरियारांच्या चळवळीतली स्वाभिमान लग्नं कायद्यात बसवण्यासाठी. भटजी नको, होम नको. नातेवाईक, मित्रमंडळींसमोर एकमेकांना पती-पत्नी मानतो असं म्हणायचं आणि हार घालायचा, किंवा बोटात अंगठी घालायची, किंवा ताली, म्हणजे तिथलं मंगळसूत्र, बांधायची. कोणत्याही बोटात चालते, बरं का. कायद्यात तसंच लिहिलंय."

"बघा," मी मावशींना म्हटलं, "तुमच्या काळजाच्या शिरेची कायद्यानं दखलच घेतली नाही."

मावशींनी मला उत्तर दिलं ते कादोडीत. त्या चिडल्या की त्यांच्या मूळ बोलीवर जातात, त्यामुळे मला अर्धंच कळलं, पण अर्धं पुरेसं होतं.

वकीलबाईंनी स्वतःचंही सांगितलं. त्यांचं लग्न नोंदणी पद्धतीचं, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकारी. मंगळसूत्र त्या सणासुदीला घालतात. रोज कोर्टाला लोकलनं जायच्या तेव्हा विरारच्या गाडीत दारात उभ्या असताना कुणीतरी गळ्याला हात घातला, पोत तुटली, अर्धे मणी रुळांवर गेले. तेव्हापासून गळ्यात काही नाही. "सासूबाई दोन महिने रुसल्या. मग त्यांच्याच गळ्यातलं पहाटे फिरायला गेल्यावर मोटरसायकलवाल्यानं ओढलं. आता दोघीही एक ग्रॅमवाल्या घालतो, लग्नकार्याला."

त्यावरून वहिनींनी विषय काढला तो त्यांच्या होणाऱ्या सुनेचा. मुलगी चांगली आहे, बँकेत आहे, पण तिनं आधीच सांगितलंय की मंगळसूत्र रोज घालणार नाही, अंगठी घालेन, आणि तुमच्या मुलानंही घालावी. वहिनींना काय बोलावं कळत नाहीये. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तिला काळ्या मण्यांची ती बारीक अंगठी निघालीय ना, मंगळसूत्राचीच, ती घेऊ का? म्हणजे मणीही झाले, अंगठीही झाली."

"तिला विचारून घ्या," मी म्हटलं.

"आणि मुलाचं?"

"त्यालाही विचारा. तो घोळते म्हणाला, तर माप लहान करून द्या. लॉकरमध्ये देऊ नका."

वहिनी हसल्या, पण मला दिसलं की त्यांना हे लगेच पचलेलं नाही. त्यांच्या पिढीला मंगळसूत्र उतरवण्याचा एकच प्रसंग माहीत आहे, आणि तो त्यांना मुलाच्या लग्नाच्या घरात आठवायचा नाहीये. हे मी टाकून बोलत नाही. जी वस्तू नवरा गेल्यावर चारचौघांत उतरवायची असते, ती नवरा धडधाकट असताना सहज काढून टेबलावर ठेवायला हात धजत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की यापुढे गावात कुणाचा नवरा वारला तर तिचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव करणाऱ्यांना कळलं होतं की खरी बळजबरी घालण्यापेक्षा काढण्यात आहे.

मावशींच्या धाकट्या सुनेचं माहेर गोव्याचं, ख्रिस्तीच. तिच्या लग्नात चुडा भरला होता. गोव्यात तो कार्यक्रम मामाच्या घरी करायची रीत आहे. हिरव्या, पिवळ्या, लाल बांगड्या. मावशी सांगत होत्या, की तिच्या आजीच्या वेळी नवरा गेला की तो चुडा शवपेटीवर फोडायचे. म्हणजे चर्च झालं, मिस्सा झाला, अंगठ्या आल्या, पण बांगड्या फोडायची रीत काही सुटली नव्हती. अंगठीचं मात्र बरं: मावशी विधवा झाल्या तेव्हा त्यांची अंगठी काढ असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

बोलणं इथवर आलं आणि रस्त्यावरून कोपऱ्याच्या बंगल्यातली ती नवी सून येताना दिसली. आम्ही चौघी एकदम गप्प झालो. इतक्या एकदम की तिला संशय यायलाच हवा. ती थांबली.

"मावशी, बरं झालं दिसलात. मम्मीनं विचारलंय, सुकेळी आलीत का?"

"आलीत, देते. बाळा, एक विचारू?" मावशींना राहवेना. "त्याची अंगठी कुठं गं?"

"माझ्याकडे. मीच काढायला लावली."

चौघींच्या चेहऱ्यांवरून तिला काय ते कळलं असणार. ती खळखळून हसली आणि मग सांगायला लागली. त्याचं काम वालीवच्या एका कारखान्यात. महिन्यापूर्वी टेम्पोतून खाली उडी मारली तेव्हा अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली. पाय जमिनीवर आणि बोट वर! नशीब, कडीच सैल होती. बोटाची कातडी सोलली, टाके नाही पडले. डॉक्टर म्हणाले की अशात कधी कधी बोटाचं सगळं मांस मोज्यासारखं निघून येतं, बोट वाचवणं मुश्कील होतं. अमेरिकेतला तो टीव्हीवरचा जिमी फॅलन, २०१५ साली स्वयंपाकघरात पाय अडकून पडला आणि अंगठी ओट्याच्या कडेला अडकली, तर दहा दिवस अतिदक्षता विभागात होता, हेही तिनं सांगितलं. लेथवर, ड्रिलवर काम करणाऱ्यांना अंगठी, कडं, घड्याळ घालायची मनाई असते ती यासाठीच. "रविवारी घालतो तो. काल विसरला. आता रबरासारखी येते ना, सिलिकॉनची, ती मागवलीय. अडकली तर तुटते."

"रबराची?" मावशी म्हणाल्या. "त्याला आशीर्वाद कोण देणार?"

"फादरना विचारू," ती म्हणाली आणि सुकेळी घेऊन गेली.

बातमी अशी डोळ्यांदेखत मेली. वहिनींनी पिशवी उचलली. भांडण नाही, गहाण नाही, तिसरं कारणही नाही. मावशी थोडा वेळ नाराज होत्या.

पण त्या पोरीच्या बोलण्यानं माझं लक्ष मावशींच्या बोटाकडे गेलं. सकाळी जास्वंदीच्या झुडपात गांधीलमाशी चावली होती, म्हणून त्या हळद लावून बसल्या होत्या. अनामिका लालसर, तुकतुकीत झाली होती आणि अंगठीच्या पुढचा भाग टरारून वर आलेला. बोलण्याच्या नादात त्यांनाही कळलं नव्हतं.

"ही काढायला हवी, मावशी."

"निघत नाही. साबण लावला, तेल लावलं. काकांच्या वेळेपासून निघालेली नाही."

वकीलबाईंनी घरातून शिवणाचा जाड दोरा आणि बोथट सुई आणवली. दोऱ्याचं एक टोक सुईच्या मागच्या बाजूनं अंगठीच्या खालून हळूच सारून तळव्याच्या बाजूला काढलं. उरलेला लांब दोरा अंगठीला लागूनच बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली, वेढ्याला वेढा चिकटवून, घट्ट, मधे कुठं मांस दिसणार नाही असा, थेट सांध्याच्या पलीकडे. मावशींचं बोट पांढरंफटक पडलं. "आई गं" म्हणून त्यांनी माझा दंड धरला. मग वकीलबाईंनी तळव्याकडचं ते छोटं टोक धरलं आणि नखाच्या दिशेनं ओढत दोरा उलगडायला घेतला. दोरा सुटत गेला तशी अंगठी एकेक वेढा पुढं सरकत गेली, सांध्यापाशी अडली, मावशींनी डोळे मिटले, आणि ती सांध्यावरून पलीकडे आली. पुढचं काम तेलानं झालं.

आतली तारीख खरंच होती. अक्षर झिजून गेलं होतं, तारीख वाचता येत होती. वहिनी पिशवी हातात धरूनच वाचायला वाकल्या. मावशींनी अंगठी पदराला पुसली आणि घरातल्या क्रुसासमोरच्या बशीत नेऊन ठेवली. "सूज उतरली की सोनाराकडे टाकते," म्हणाल्या. "एक माप वाढवून देईल. आत पुन्हा नाव कोरून घेते."

सोनारानं तिसऱ्या दिवशी अंगठी कापून, मधे सोन्याचा तुकडा जोडून, पॉलिश करून दिली. जुनी घडण, त्यामुळे हॉलमार्क नव्हता. त्यानं मावशींना सांगितलं, की आता नवीन घ्याल तर आतल्या बाजूला शुद्धतेचा आकडा, २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बघून घ्या. १ एप्रिल २०२३पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. मावशींनी नातवासाठी लक्षात ठेवलंय. वहिनींनीही दोन अंगठ्यांचं माप विचारून घेतलं, एक सुनेचं, एक मुलाचं. मंगळसूत्राचं अजून ठरलेलं नाही.

तुमची अंगठी बरीच वर्षं बोटातून निघाली नसेल तर आज साबण लावून काढून बघा. वय वाढतं तशी बोटं जाड होतात. सांधेदुखीत आणि गरोदरपणात सुजतात. ऑपरेशनच्या आधी तर ती काढावीच लागते. निघत नसेल तर वर सांगितलेला दोरा करून बघा. बोट निळं पडलं असेल किंवा बधिर झालं असेल तर मात्र दोऱ्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखान्यात जा. तिथं अंगठी कापायची कात्री असते, आणि कापलेली अंगठी सोनार जोडून देतो.